जुन्या टीव्हीचा फ्यूज सारखा उडतोय? नवीन फ्यूज टाकायच्या आधी हे बघा

जुना डबा टीव्ही, म्हणजे मागे पिक्चर ट्यूबचं पोट असलेला २० नाहीतर २१ इंची कलर टीव्ही, त्याचा आतला फ्यूज दर थोड्या दिवसांनी उडतो, नवीन टाकला की चालतो, परत उडतो, ही तक्रार अजूनही येते. कारण बऱ्याच घरात हे टीव्ही अजून चालू आहेत. कुणाकडे लग्नाच्या व्हीसीआर कॅसेट आहेत, कुणाला जुना व्हिडिओ गेम खेळायचाय जो नवीन एलईडीवर नीट चालत नाही, कुणाच्या आजीला तोच टीव्ही आणि तोच रिमोट पाहिजे, आणि सेट टॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर लावली की तो मस्त चालतो पण. त्यामुळे "भंगारात द्या" हे उत्तर मला पटत नाही. फ्यूज उडणं हा बहुतेक वेळा स्वस्तात सुटणारा फॉल्ट आहे, फक्त तो नुसता फ्यूज बदलून सापडत नाही, टीव्हीचे भाग एकेक करून वेगळे काढत शोधावा लागतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, अगदी कळकळीने सांगतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका, सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावू नका, ३ अँपिअरचा उडतो म्हणून १० चा टाकू नका. "मोठा टाकला मग नाही उडला" असं लोक अभिमानाने सांगतात, पण मग तो करंट जातो कुठे? एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजचे डायोड फुटतात, बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक जळून वर येतो, नाहीतर कॉइलची वायर तापून आतलं प्लॅस्टिक वितळतं. टीव्हीच्या कॅबिनेटने पेट घेतला तर तो थांबत नाही आणि घरातली माणसं दुसऱ्या खोलीत झोपलेली असू शकतात. ज्या सेटमध्ये तार गुंडाळलेली मिळते तिथे मूळ फॉल्ट पन्नास रुपयांचा असतो आणि जळलेला बोर्ड मात्र हजारात जातो.

आता नक्की कुठला फ्यूज उडतोय ते बघा, कारण "फ्यूज उडाला" म्हणताना चार जण चार वेगळ्या गोष्टी सांगत असतात. घरातला किटकॅट फ्यूज किंवा एमसीबी पडत असेल आणि टीव्हीचा आतला फ्यूज शाबूत असेल तर फॉल्ट फ्यूजच्या अलीकडे आहे, म्हणजे पिन टॉप, वायर, एक्स्टेंशन, स्टॅबिलायझर. वायर टीव्हीत शिरते तिथे दुमडून दुमडून आतून तुटलेली असते, किंवा शोकेसच्या मागे उंदराने कुरतडलेली असते आणि वरून दिसत नाही, हात फिरवून बघावी लागते, अर्थात प्लग काढून. स्टॅबिलायझरला पण स्वतःचा फ्यूज असतो. स्टॅबिलायझर बाजूला काढून टीव्ही थेट लावून बघितला का, हा प्रश्न मी पहिला विचारतो.

टीव्हीचा आतला उडत असेल तर फेकू नका, उजेडात धरून बघा. २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज असतो. काच स्वच्छ आहे आणि आतली तार मधोमध तुटून दोन टोकं लोंबतायत, तर तो हळूहळू तापून गेलाय, म्हणजे करंट थोडाच जास्त होता किंवा फ्यूजच चुकीचा होता. आणि काच आतून काळी झाली किंवा आरशासारखी चकचकीत झाली तर सरळ शॉर्ट, तार वितळायलाही वेळ मिळाला नाही, वाफ होऊन काचेला चिकटली. या एका गोष्टीवरून निम्मं काम होतं, आणि दुकानात टीव्ही नेणारे लोक नेमका तोच जुना फ्यूज कचऱ्यात टाकून येतात.

चुकीचा फ्यूज हे कारण ऐकायला फालतू वाटतं पण ते खूप वेळा निघतं. २१ इंची टीव्ही चालताना ऐंशी-नव्वद वॉट घेतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर. तरी कंपनी आत ३.१५ किंवा ४ अँपिअरचा फ्यूज का टाकते? कारण चालू करतानाच्या पहिल्या क्षणाला रिकामा मेन कंडेन्सर, म्हणजे बोर्डावरचा सगळ्यात मोठा, एकदम करंट ओढतो आणि त्याच वेळी पिक्चर ट्यूबभोवतीची डिगॉसिंग कॉइल पण ओढते. तो झटका सहन करायला स्लो ब्लो फ्यूज लागतो. फ्यूजच्या पत्र्याच्या टोपीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, टी ३.१५ ए असं काहीतरी, त्यातला टी म्हणजे स्लो ब्लो आणि एफ म्हणजे फास्ट. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिक दुकानात "टीव्हीचा फ्यूज द्या" म्हटलं की बरणीतला कुठलाही देतात, बहुतेक एफ, २ अँपिअर, आणि तो बिचारा रोज सकाळी तो झटका खाऊन खाऊन आठवड्यात मान टाकतो. टीव्हीत काही बिघाड नाहीच. बोर्डावर फ्यूजच्या शेजारी मूळ रेटिंग छापलेलं असतं, तेवढाच आणि त्याच प्रकारचा आणा.

पुढचं सगळं बॅक कव्हर उघडून करायचं आहे त्यामुळे हे वाचल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून गेलं की मेन कंडेन्सरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतं, आणि फ्यूज उडाला असला किंवा प्लग काढला असला तरी ते तिथे बराच वेळ साठून राहू शकतं. खासकरून एसएमपीएस, म्हणजे टीव्हीचा पॉवर सप्लाय, चालू होत नसेल तर ते संपवणारं कुणी नसतं. प्लग काढायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मल्टीमीटर हजार व्होल्ट डीसीवर ठेवून कंडेन्सरच्या दोन पायांवर मोजायचं, आणि असलं तर १०० वॉटच्या बल्बच्या होल्डरला दोन वायरी लावून त्यातून उतरवायचं. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे लोक आहेत, त्यात कंडेन्सर पण मरतो आणि कधी ट्रॅक पण उडतो. पिक्चर ट्यूबला जी जाड लाल वायर रबरी टोपीखाली जाते तिच्यात २० हजार व्होल्टच्या वर असतं, आपल्या या फॉल्टसाठी तिला हात लावायचं काहीच काम नाही, लांब राहा. ट्यूबच्या मागच्या बारीक मानेला धक्का लावू नका, ती फुटली तर टीव्ही संपला आणि काचा उडतात त्या वेगळ्या. ज्यांनी कधी मल्टीमीटर धरला नाही त्यांनी इथे थांबून मेकॅनिककडे जावं, पण पुढचं वाचून जावं, म्हणजे तो काय करतोय ते कळेल.

सिरीज बल्ब. हे नसेल तर फ्यूज उडणाऱ्या टीव्हीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. १०० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब, एलईडी चालणार नाही, तो फेजच्या वायरीत सिरीजमध्ये लावायचा आणि त्यातून टीव्ही चालवायचा. टीव्हीत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच अडकतो, फ्यूज जात नाही, नवा पार्ट जळत नाही. शॉर्ट नसेल तर बल्ब एकदा भपकन पेटून मंद होतो. ६० चा बल्ब लावला तर चांगला टीव्ही सुद्धा नीट चालू होत नाही, टिकटिक करत राहतो आणि उगाच गोंधळ होतो, म्हणून १०० चा, आणि मोठ्या सेटला दोन बल्ब पॅरलल. हे बल्ब आता मिळायला जरा त्रास होतो, कुठल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात दिसले तर चार घेऊन ठेवा.

आता खरी शोधाशोध. फॉल्ट रोज नाही, अधूनमधून येतो, आणि तो सुद्धा थंड टीव्ही चालू करतानाच, चालू झाल्यावर मग तासन् तास काही होत नाही, असं असेल तर माझा पहिला संशय पॉझिस्टरवर. पिक्चर ट्यूबच्या भोवती काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली जाड कॉइल दिसते ती डिगॉसिंग कॉइल. टीव्ही चालू करताना जो "धुंग्ग" आवाज येतो तो तिचा, ट्यूबमधल्या लोखंडी जाळीत शिरलेलं चुंबकत्व ती घालवते म्हणून रंगाचे डाग पडत नाहीत. तिला चालू करून लगेच बंद करणारा पार्ट म्हणजे पॉझिस्टर, चौकोनी काळी किंवा पांढरी डबी, दोन किंवा तीन पायांची. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स दहा-वीस ओहम असतो, करंट गेला की तापतो आणि रेझिस्टन्स इतका वाढतो की कॉइलचा करंट जवळपास बंदच होतो. वर्षानुवर्षं रोज तापणं आणि गार होणं, त्याने आतली चकती तडकते.

चिपळूणला माझ्या चुलत्यांकडे असाच एक २१ इंची सेट होता, पावसाळ्यात तर फ्यूज टिकेचना. त्यातला पॉझिस्टर काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळ वाजत होतं. डबीचं झाकण उचकटलं तर आत दोन गोल राखाडी चकत्या, स्प्रिंगच्या पत्र्यात धरलेल्या, त्यातली एक मधोमध तडकलेली, कडेचा एक टवका निघून खाली पडलेला, आणि जिथे पत्रा चकतीला टेकतो तिथे काळा खड्डा, ठिणगी खाऊन खाऊन झालेला. टवका ज्या दिवशी पत्र्यांच्या मध्ये अडकायचा त्या दिवशी फ्यूज जायचा, बाकी दिवस टीव्ही छान चालायचा. असा फॉल्ट मल्टीमीटरवर सापडत नाही, मोजताना तो अगदी बरोबर आकडा दाखवतो.

तपासायला सोपं आहे, डिगॉसिंग कॉइलचा दोन पिनचा कनेक्टर बोर्डावरून काढा आणि टीव्ही तसाच काही दिवस चालवा. फार तर कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग दिसेल, नुकसान काही नाही. पण इथे एक मेख आहे जी बरेच जण विसरतात. तीन पायांच्या पॉझिस्टरमध्ये दुसरी चकती थेट मेन लाइनवर असते, पहिलीला गरम ठेवायला. ती खराब असेल तर कॉइल काढली तरी फ्यूज उडणारच, आणि मग माणूस म्हणतो पॉझिस्टर ओके आहे आणि भलतीकडे शोधत बसतो. म्हणून कॉइल काढण्यापेक्षा पॉझिस्टरच डिसोल्डर करून बाजूला ठेवा. पार्ट स्वस्त आहे, शंका आली तरी बदलून टाकावा, पण पायांची संख्या आणि मधला पाय कुठला ते जुन्याशी जुळवून घ्या.

दुसरा प्रकार, फ्यूज दर वेळी लगेच उडतो आणि काच काळी होते. मग फॉल्ट पक्का आहे आणि पक्का फॉल्ट सापडायला सोपा. प्लग काढून, कंडेन्सर उतरवून, मल्टीमीटर घेऊन फ्यूजपासून पुढे पुढे जायचं. पहिला येतो व्हॅरिस्टर, निळी किंवा काळी गोल टिकली, व्होल्टेज खूप वाढलं की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि टीव्ही वाचवतो. तो तडकलेला किंवा जळलेला दिसला तर पार्ट बदलून गप्प बसू नका, व्होल्टेज का वाढलं ते बघा. आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे न्यूट्रल सुटणं. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला झाला की घरात २३० ऐवजी ३०० च्या पुढे जाऊ शकतं, अगदी ४०० च्या जवळ सुद्धा. घरातले काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होत असतील, पंखा मध्येच जोरात पळत असेल, तर टीव्ही बंद ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा, हा टीव्हीचा फॉल्टच नाही आणि फ्रिज पण जाईल.

मग ब्रिज. चार सुटे डायोड असतात, १एन४००७ किंवा जाड वाले १एन५४०८. डायोड मोडवर एका बाजूने ०.५-०.६ आणि उलट बाजूने काही नाही, असं चारही दाखवायला पाहिजेत, दोन्ही बाजूने बीप वाजली तर शॉर्ट. सर्किटमध्ये शंका आली तर एक पाय उचलून मोजा. एक गेला असला तरी चारही बदला, पाच-दहा रुपयांचा मामला आहे. डायोडच्या शेजारी १ केव्हीचे, म्हणजे हजार व्होल्टचे, छोटे चपटे सिरॅमिक कंडेन्सर असतात ते पण शॉर्ट होतात, डायोड नवीन घातले आणि तरी बीप वाजतेय असं झालं की हेच निघतात. मेन कंडेन्सर म्हणजे तो सगळ्यात मोठा, १०० ते २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट, डोक्यावर फुगलाय का, बुडाशी चिकट काही आलंय का ते बघा.

सगळं ठीक निघालं तर एसएमपीएसचा स्विचिंग पार्ट. नव्वदीच्या पुढच्या बऱ्याच सेटमध्ये हीट सिंकवर बसवलेला एसटीआर आयसी असतो, काहींत सुटा मॉसफेट आणि शेजारी छोटा ड्रायव्हर आयसी, त्याआधीच्यांत पॉवर ट्रान्झिस्टर. ड्रेन आणि सोर्स, म्हणजे मॉसफेटचे करंट वाहणारे दोन पाय, यांच्या मध्ये बीप वाजली तर तो गेला. आणि इथेच "नवीन टाकला की परत उडतो" हा सगळ्यात चिडवणारा प्रकार होतो, एसटीआर नवा घातला, चालू केला, फट्. कारण तो स्वतःहून क्वचितच मरतो, बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेलं असतं. त्याच्या सप्लायचा छोटा कंडेन्सर असतो, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, हीट सिंकच्या कुशीत भाजून भाजून तो सुकतो, दिसायला ठणठणीत असतो पण कपॅसिटी उरलेली नसते, आणि मग स्विचिंग बिघडतं. तो न मोजता बदलायचा. सोर्सला ०.२२ किंवा ०.३३ ओहमसारखा छोटा रेझिस्टर असतो, मॉसफेट जाताना त्यालाही घेऊन जातो. ऑप्टोकपलर, म्हणजे पलीकडच्या बाजूचा सिग्नल प्रकाशाने अलीकडे आणणारा छोटा पार्ट, बहुतेक पीसी८१७, तो पण बदला. ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर पडलीय का ते भिंगातून बघा, त्या ड्राय सोल्डरने कितीतरी चांगले आयसी मारलेत. हीट सिंकची पेस्ट नवीन लावा, अभ्रकाचा वॉशर असेल तर तो जिथे होता तिथेच परत बसला पाहिजे.

डुप्लिकेट एसटीआर हा वेगळा त्रास आहे. नंबर तोच, आत चिप भलतीच, दोन दिवसात शॉर्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर ओळखीच्या दुकानातूनच घ्या, दहा-वीस रुपये जास्त द्या, किंवा भंगारातल्या चांगल्या बोर्डावरचा जुना ओरिजिनल काढून घ्या, मी स्वतः नव्या डुप्लिकेटपेक्षा जुना ओरिजिनल पसंत करतो. एसटीआर मिळतच नसेल तर युनिव्हर्सल एसएमपीएस किट बसवतात, चालतं ते, पण बी प्लस, म्हणजे एसएमपीएसमधून पुढे जाणारा मुख्य डीसी व्होल्टेज, नीट सेट करून देणाऱ्याकडूनच बसवून घ्या.

हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एलओटी (ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) शॉर्ट झाला म्हणून फ्यूज उडतो असं बरेच मेकॅनिक सांगतात आणि एलओटीचा खर्च काढतात. एसएमपीएसवाल्या सेटमध्ये हे शक्यतो होत नाही. पुढे शॉर्ट झाला की एसएमपीएस स्वतःला आवरतो, टिकटिक किंवा चीं असा आवाज येतो, लाल दिवा लुकलुकतो, पण मेन फ्यूज शाबूत राहतो. फ्यूज उडतोय याचा अर्थ फॉल्ट बहुधा एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या बाजूला, मेन लाइनकडे आहे. त्यामुळे कोणी फ्यूजच्या तक्रारीवर लगेच एलओटी बदला म्हणालं तर ट्रान्झिस्टर मोजून दाखवा म्हणावं, आपल्यासमोर.

कोकणात आणि गावाकडे आणखी एक कारण, पाल. उबेला आत शिरते आणि ब्रिजच्या पायांवर जाऊन बसते, पुढचं सांगायला नको. मुंग्यांचं वारूळ, झुरळांची घाण, दमट धूळ, हे सगळं मेन लाइनच्या भागात साचलं की पावसाळ्यात करंट वाहायला लागतो. कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, ओलं फडकं नको. आणि पुढचं पुश बटण दाबताना चर्रर्र आवाज येत असेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट जळलेत, एका दाबण्यात चार वेळा करंट तुटतो-जुळतो, तो झटका फ्यूजला दर वेळी बसतो. स्विच बदला, साफ करून तो फार टिकत नाही.

सगळं बदलून झालं की थेट लाइनवर लावू नका. आधी सिरीज बल्बवर, पॉझिस्टर अजून बाहेरच ठेवून. बल्ब भपकून मंद झाला की बी प्लस मोजा, २१ इंचीला सेटप्रमाणे साधारण ११० ते १३५ व्होल्ट असतात, बोर्डावर बऱ्याचदा छापलेलं असतं. मोजताना मल्टीमीटरची काळी वायर ट्यूनरच्या पत्र्याला, मेन कंडेन्सरच्या मायनसला नाही, तो भाग लाइव्ह असतो. मग बल्ब काढून थेट, तासभर चालवा, हीट सिंक किती तापतोय ते प्लग काढून मगच हाताने बघा. शेवटी पॉझिस्टर लावा, आणि रात्रभर टीव्ही पूर्ण गार होऊ द्या, कारण त्याची खरी परीक्षा सकाळच्या पहिल्या स्विचला होते, गरम टीव्ही बंद-चालू करून काहीच कळत नाही. अशा दोन-चार सकाळी नीट गेल्या की मगच बॅक कव्हरचे स्क्रू आवळा, आणि आवळताना मेन वायर तिच्या खाचेत बसलीय, कव्हरखाली चिमटली नाही, एवढं बघून घ्या.